सहा महिने थांब

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. पत्रच लिहिते कारण फोन केला तर आई शेजारीच बसलेल्या असतात, आणि मेसेज पाठवला तर थोरली नुकती वाचायला शिकलीय, आलेलं सगळं मोठ्याने वाचते. परवा झुरळांच्या औषधाची जाहिरात तिने पाहुण्यांना दोनदा वाचून दाखवली. तेव्हा हे जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, सुपरवायझरबाई माझ्याच हातात देतात.

नोव्हेंबरात धाकटीच्या लशीच्या निमित्ताने तुमच्या केंद्रात आले होते, तेव्हा तुम्ही पडदा ओढून कॉपर-टी बसवलीत. बाहेर बाकावर हे थोरलीला घेऊन बसले होते. तुमचा जेवणाचा डबा टेबलावर उघडाच होता. पाच-सात मिनिटांचं काम. त्याला आता दोन महिने होतील.

ताई, तेव्हापासून पाळी आली की जायचं नाव घेत नाही. मागच्या वेळी नऊ दिवस, या वेळी अकरा. कारखान्यातली पाळी आठ तासांची, माझी अकरा दिवसांची, असं मी शेजारच्या मशीनवालीला म्हटलं तर ती हसून हसून बेजार झाली. पण खरं सांगायचं तर पहिले चार दिवस हसण्यासारखे नसतात. गाठी पडतात. ओटीपोटात कुणी ओला कपडा पिळावा तसं होतं. आणि आमच्या लाइनला उठायचं म्हणजे सुपरवायझरबाईंकडून चिठ्ठी घ्यावी लागते, दिवसाला दोन. हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरी शिवतो आम्ही. पांढऱ्या कापडापुढे या दिवसांत बसणं काय असतं ते तुम्ही बाईमाणूस आहात, सांगायला नको.

घरी कुणाला काही कळलेलं नाही. पण हे बाहेरच्या खोलीत झोपतात. धाकटी रडते म्हणून, असं म्हणतात. पूर्वी थोरली रडायची तेव्हा नाही गेले बाहेर. मला वाटतं यांना काहीतरी वास लागलाय.

हे असंच असतं का? एवढं एक सांगा.

तुमची,
भिंगरी

१६ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र केंद्रात आलं तेव्हा समोर बाकावर एकोणीस बायका होत्या. संध्याकाळी घरी जाऊन वाचलं.

हो, असं असतं. घाबरू नकोस. कॉपर-टी बसवल्यावर पहिले तीन महिने, कुणाकुणाला सहा महिने, रक्त जास्त जातं आणि पोटात कळा येतात. शरीर आत आलेल्या नव्या वस्तूशी जमवून घेत असतं. शंभरातल्या बहुतेक जणींना मग ती आत आहे हेही आठवत नाही. पोटदुखीची गोळी सोबत पाठवतेय. पाळी सुरू होईल त्याच दिवसापासून घ्यायची, कळ असह्य होईपर्यंत वाट बघायची नाही, आणि उपाशीपोटी कधीच नाही. लोहाच्या गोळ्याही पाठवतेय, रोज एक. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर धर. पाळी संपली की हात स्वच्छ धुऊन कॉपर-टीचा दोरा बोटाला लागतो का बघ; लागला की झालं, ओढून बघायचा नाही. ताप आला, घाण वास यायला लागला, दोरा सापडला नाही, तर मात्र थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि घाईने काही ठरवू नकोस. सप्टेंबरातलं बाळंतपण तू विसरली असशील, मी नाही विसरले. तुला रक्ताच्या चार पिशव्या लागल्या होत्या. माझा हात धरून तू म्हणालीस, ताई, पुन्हा नको. म्हणून तर हे केलं. आई नातू नातू करत असते, आणि माझा भाऊ मला माहीत आहे, आईच्या शब्दाबाहेर जाणारा नाही. त्याच्या झोपण्याचं मनावर घेऊ नकोस. मुलगा हवा म्हणून तोंड फुगवून बसला असेल.

सहा महिने थांब.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

गोळ्या मिळाल्या. पोटदुखीच्या गोळीने कळ बरीच कमी होते. रक्त आहे तेवढंच आहे. दोरा लागतो बोटाला. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे सगळं ठीक.

एक गंमत झाली. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आईंच्या हाती लागलं. बाळंतपणानंतरच्या गोळ्या तर डिसेंबरातच संपल्या, मग या कशाच्या? मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच उत्तर काढलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला खोटं सांगणंही जमेना आणि खरं सांगणंही. चार दिवस मला रोज पेलाभर दूध. जड बादली उचलू देईनात. पाचव्या दिवशी पाळी आली आणि दूध बंद झालं. हसू आलं खरं, पण त्यांचा चेहरा पडलेला बघून वाईटही वाटलं.

हे अजून बाहेरच झोपतात. बोलतात नीट, थोरलीचा अभ्यास घेतात, माझ्याकडे मात्र बघत नाहीत. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा माणूस, दिवसभर माणसं वरखाली पोचवतो, आणि घरात दोन खोल्यांमधलं अंतर चालून येत नाही. दुसरं कुणी असेल का, हाही विचार मनात येऊन गेला. तुम्ही त्यांची बहीण, तुम्हाला असं लिहू नये.

ताई, मी यांना सांगून टाकू का? लपवण्याचाच थकवा जास्त आहे.

भिंगरी

२८ फेब्रुवारी

भिंगरे,

मुळीच सांगू नकोस. तो आईला सांगणार, आई तुझ्या मागे लागणार, आणि महिनाभरात तू ती काढायला लावशील. मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टेबलावर. तेव्हा पिशव्या वेळेवर मिळाल्या. दरवेळी मिळतातच असं नाही. मी सव्वीस वर्षं या कामात आहे, मी काय काय पाहिलंय ते तुला लिहीत नाही.

दुसरं कुणी वगैरे डोक्यातून काढ. तो तेवढा उद्योगी नाही.

इकडे दोन नर्सांचं काम मी एकटी करतेय, पाय सुजतात. मे महिन्यात रजा मिळाली तर येईन. लोहाच्या गोळ्या घेतेस ना?

ताई

११ एप्रिल

ताई,

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि असलेलं लिहायला अंगात त्राण नव्हतं.

मागच्या आठवड्यात पाळीचा दुसरा दिवस होता. दोन्ही चिठ्ठ्या अकरा वाजायच्या आत संपल्या होत्या. तिसरी मागितली तर सुपरवायझरबाई म्हणाल्या, "तुला एकटीलाच आहे का गं पोट?" बाई वाईट नाहीत, त्यांनाही वरून कुणीतरी विचारणारं असतं. मी बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या मांडीवरून पुढे सरकणाऱ्या चादरीच्या काठाला डाग दिसला. रुपयाएवढा. माझ्यानंतर ती चादर घडी घालणारीकडे जाणार, तिथून तपासणीला. लाइन थांबणार, कुणाचा डाग म्हणून शोध होणार, सगळ्यांसमोर.

मी काय केलं सांगू? बोट सुईखाली धरलं आणि पाय दाबला.

मग सगळे धावले. बोटाला सुई लागली, त्याचंच रक्त, असं सगळे धरून चालले. मला पाणी दिलं, पट्टी बांधली, आणि रक्त धुवायच्या निमित्ताने मला मोरीत जाता आलं. तिथे बसून मला बोटाच्या दुखण्यापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं. नंतर त्याचीच भीती वाटली. इतकी वर्षं मशीनवर काढली, कधी सुई लागू दिली नाही, आणि आता आपणहून.

आता मला मशीनवरून काढून धागे कापायला बसवलंय. बोट बरं होईपर्यंत म्हणतात. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज येतो. थोरली म्हणाली, "आई, तू पांढरी झालीस." मी म्हटलं, चादरी शिवून शिवून झाले असेन.

ताई, पाच महिने झाले. आता काढून टाका. मी रविवारी एकटी येते, कुणाला कळणार नाही. हवं तर दुसरं काही सांगा, गोळ्या सांगा, इंजेक्शन सांगा, मी सगळं करीन. एवढी एक बाहेर काढा.

भिंगरी

१७ एप्रिल

भिंगरे,

वेडी आहेस का? बोट सुईखाली घालतात? हाडात मोडली असती तर?

पाच महिने काढलेस, एक महिना राहिला. याच टप्प्यावर बायका हात टेकतात, आणि ज्या थांबतात त्यांचं बरं होतं. आता काढली तर आजवर सोसलेलं सगळं वाया. गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्या तू आईपासून कुठे लपवणार? इंजेक्शनाला दर तीन महिन्यांनी यावं लागतं, काय निमित्त सांगणार? हे एकच आहे जे एकदा केलं की कुणाला दिसत नाही.

रविवारी येऊ नकोस, केंद्र बंद असतं. मी मे महिन्याच्या पंधरा तारखेला येते, तेव्हा बघू. तोवर गूळ, पालेभाजी खा, गोळी चुकवू नकोस. धागे कापायचं काम बसून आहे ना? मग बरंच आहे की.

ताई

६ मे

ताई,

मी लिहितोय. तुझा भाऊ. मला पत्र लिहायची सवय नाही, पण तुम्हा दोघींची आहे असं दिसतं. तिच्या डब्याच्या पिशवीत तुझी पत्रं सापडली. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि मला तो चढवायचा नाही.

ती सोमवारी कारखान्याच्या जिन्यात कोसळली. कपाळाला तीन टाके पडलेत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही बाई रोज कामावर कशी जात होती? मग माझ्याकडे वळून विचारलं, "कॉपर-टी कधी बसवलीत?" मी म्हटलं, कसली? तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना ताई, तसं कुणी बघू नये. बायको खाटेवर डोळे मिटून पडलेली. डोळ्यांच्या कडेने पाणी.

सोनोग्राफी केली. ती जागेवरच होती, काही बिघाड नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिच्या अंगात मुळातच रक्त नव्हतं, त्यात दर महिन्याला एवढं जात राहिलं. लोहाच्या गोळ्या तिने फेब्रुवारीतच बंद केल्या होत्या, आईला पुन्हा खोटी आशा लागू नये म्हणून. डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं, ठेवायची की काढायची. ती म्हणाली, "काढा." एवढा एकच शब्द. दोन मिनिटांत काढली. दोन पिशव्या रक्त दिलं.

आता तुला जे सांगायचं ते. हे बहिणीला सांगायचं नसतं, पण तू नर्स आहेस आणि या सगळ्यात आहेस, म्हणून सांगतो.

सप्टेंबरात तुम्ही सगळ्या आत होतात. मी बाहेर उभा होतो. माझ्याकडे एक कागद घेऊन आले, सही करा म्हणाले, काही झालं तर हॉस्पिटल जबाबदार नाही. मी सही केली. पेन चालेना म्हणून दुसरं मागितलं, हे अजून आठवतं. मग आतून एक बाई चादरींचा बोळा घेऊन गेली. मी बघितला. त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही. एकदाही नाही. हिंमतच झाली नाही. वाटायचं, माझ्यामुळे ही त्या टेबलावर गेली, पुन्हा गेली तर मी कुणाला तोंड दाखवू? मुलगाबिलगा माझ्या डोक्यातही नव्हता. आईचं बोलणं मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होतो. तिला हे सगळं कळत असेल असं मला वाटलं. न बोलता कसं कळणार, हा विचार केला नाही, ती चूक माझी.

म्हणजे ज्यासाठी तू ती बसवलीस ते आमच्या घरात घडतच नव्हतं. सहा महिने ती कशासाठी रक्त घालवत होती, ताई?

आमच्या कामात लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाला हाक मारून विचारतो, बरे आहात ना? मशीनकडे नंतर बघतो. हे शिकवायला मला कुणी नर्स लागली नाही.

इतकं लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

तुझा भाऊ

१२ मे

भिंगरे,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे. त्यालाही वाचू दे.

तुझ्याकडे यायला निघाले होते. पिशवी भरून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली. लिहिणं त्यातल्या त्यात सोपं.

बसवण्याआधी तुझं रक्त तपासायला हवं होतं. दोन महिन्यांपूर्वी चार पिशव्या लागलेली बाई, हे मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. बोटाला टोचून एक थेंब घ्यायचा, पाच मिनिटांचं काम. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि तो बाहेर बसला होता, म्हणून घेतला नाही. नंतरही तुला कधी विचारलं नाही. तू लिहिलंस की पांढरी झालेय, जिना चढवत नाही, कानात आवाज येतो. अनोळखी बाईने बाकावर बसून हे सांगितलं असतं तर मी तिला त्याच क्षणी टेबलावर घेतलं असतं. तू घरची, तर म्हटलं सोसेल.

आणि एक. एप्रिलमध्ये तू काढा म्हणालीस, तेव्हा काढायलाच हवी होती. बसवून घेणारीने काढा म्हटलं की काढायची, कारण विचारायचं, पण अडवायचं नाही, हे मी नव्या पोरींना शिकवते. तुला अडवलं ते तुझ्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. खरं असं की मला भीती वाटत होती. सप्टेंबरात तुझी नाडी मी धरली होती, आणि मध्ये थोडा वेळ ती मला लागली नव्हती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर मला फक्त एवढंच हवं होतं, की पुन्हा तसं होऊ नये. तुझं काय होतंय ते त्यात दिसेनासं झालं.

आणि माझ्या भावाबद्दल मी जे जे लिहिलं ते चुकीचं निघालं. चाळीस वर्षं ओळखते म्हणून विचारायची गरज वाटली नाही.

हे साधन वाईट आहे असं मात्र मनात धरू नकोस. शेकडो बायकांना मी बसवलंय आणि त्या सुखात आहेत. तुला सोसलं नाही, आणि मी बघितलं नाही.

राग असेल. असू दे. लोहाच्या गोळ्या मात्र घे, आता उघड्यावर ठेवून घे.

ताई

३ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. झोपत होते. खरंच, महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. जेवायची, गोळी घ्यायची, झोपायची. आईंनी दवाखान्यातच सगळं ऐकलं होतं.  तिसऱ्या दिवशी धाकटीला उचलून म्हणाल्या, "हिला मी बघते, तू पड." नातवाचा विषय त्यानंतर निघालेला नाही. मनातून गेला असेल असं नाही, पण निघालेला नाही.

हिमोग्लोबिन नऊच्या वर गेलंय. जूनची पाळी चार दिवसांत संपली. पाचव्या दिवशी मी वाट बघत बसले की आता येईल, मग येईल. आलं नाही. पुन्हा मशीनवर बसले आहे. सुपरवायझरबाईंना मी सगळं सांगितलं, बोटाचंही. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला चार मुलं झाली, मला कुणी सांगितलंच नाही असं काही असतं म्हणून." आता त्या दिवसांत त्या मला चिठ्ठी घ्यायला लावत नाहीत. बाकीच्यांना लावतात. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळे मार्ग सांगितले. एक दुसऱ्या प्रकारचं साधन असतं म्हणे, त्यात औषध असतं आणि त्याने रक्त उलट कमी जातं. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, सावकाश सांगा. ताई, एवढं साधं वाक्य, पण मी ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले. सध्या आत काहीच नको वाटतं. तोवर हे काळजी घेतात. पहिल्यांदा औषधाच्या दुकानात गेले ते खोकल्याच्या तीन बाटल्या घेऊन परत आले, कारण काउंटरवर ओळखीची बाई उभी होती. पुरुषांच्या ऑपरेशनबद्दलही यांनी आपणहून विचारलं. डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं, तेव्हा चेहरा असा झाला की मलाच पाणी द्यावंसं वाटलं. पण चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवलाय. फेकलेला नाही.

आम्ही बोलतो आता. फार नाही. हे सप्टेंबरचं सांगायला लागले की मध्येच थांबतात, आणि मी पुढचं विचारत नाही. मी सहा महिने मनातल्या मनात यांना दुसरी बाई लावून दिली होती, हे सांगितलं तर म्हणाले, "कुठल्या वेळात?" दोघंही हसलो. मग मला रडू आलं, आणि यांनी पाठीवर हात ठेवला. हात जड होता. मला बरं वाटलं.

राग असेल असं लिहिलंत. आहे. नाडीचं वाचलं तेव्हा तो निम्मा झाला, हे खरं, पण निम्मा आहे. तुम्ही माझा जीव वाचवलात आणि मग तो परत माझ्या हातात दिला नाहीत. मला हे नीट मांडता येत नाही, तुम्ही समजून घ्या. मीही फेब्रुवारीत गोळ्या बंद केल्या आणि तुम्हाला लिहिलं नाही. लहानपणापासून एकच शिकले, दुखलं तरी ठीक आहे म्हणायचं. तुमच्याशीही तेच केलं.

ऑगस्टमध्ये रजा काढून या. चार दिवस राहा. स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात देणार आहे, आणि मी मध्ये येणार नाही. तुमचे पाय सुजतात असं लिहिलं होतंत, त्यावर मी एका अक्षराने विचारलं नव्हतं. कुठल्या पायाला जास्त आहे? दाखवलेत का कुणाला?

तुमची,
भिंगरी